कावा, कौशल आणि आर्जव

'कावा' हा शब्द मराठीत आज चांगल्या अर्थाने क्वचितच येतो. अमक्याचा कावा ओळखला, तमका मोठा कावेबाज आहे, असे कोणी म्हटले की ऐकणारा सावध होतो आणि मनातल्या मनात त्या मनुष्यापासून चार पावले दूर सरकतो. एकाच जोडीत हा शब्द मानाने उभा राहिलेला दिसतो, ती जोडी म्हणजे 'गनिमी कावा'. गनीम म्हणजे शत्रू. मोगलांच्या लेखी मराठे हे गनीम होते, आणि त्या गनिमांच्या लढण्याच्या रीतीला मिळालेले हे नाव आपण पुढे भूषण म्हणून मिरवू लागलो. तेव्हा शब्द एकच. रणात तो गौरवाचा, घरात आणि बाजारात तो निंदेचा. असे का व्हावे, आणि गीतेचे नित्य वाचन करणाऱ्या गृहस्थाने या दोहोंपैकी कोणता अर्थ जवळ करावा, हा प्रश्न वाटतो तितका केवळ भाषेचा नाही.

मुळात कावा हा घोडेस्वारांचा शब्द आहे. घोड्याला वर्तुळात भरधाव फिरविणे, धावता धावता त्याला एकदम वळविणे, याला कावा म्हणत. भिलाई नगरातील कोहका भागात आम्ही जी मराठी कुटुंबे राहतो, त्यांच्या घरी मराठी आणि उंबरठ्याबाहेर हिंदी व छत्तीसगढी असा नित्याचा व्यवहार असतो. आणि मौज अशी की आपल्या भाषेत झिजलेला हा मूळ अर्थ हिंदीच्या कोशांत अजून शाबूत आहे. तेथे 'कावा' म्हणजे घोड्याला चक्रात फिरविणे. त्यात कपटाचा लेशही नाही. उलट, स्वाराची मांड, लगामावरील हात आणि घोड्याचा श्वास ही तिन्ही एकरूप झाल्याखेरीज ते साधत नाही. लगाम अंमळ अधिक ओढला तर जनावर बिथरते, ढिला सोडला तर वर्तुळ मोडते. सरळ धावणारा घोडा शत्रूच्या भाल्याला सरळ सापडतो. वळता येणारा घोडा स्वाराला वाचवितो. एवढाच त्या शब्दाचा आरंभीचा अर्थ. वळणे हा गुण होता. पुढे पुढे माणसे एकमेकांशी बोलतानाही वळू लागली, तेव्हा तोच शब्द दोषवाचक झाला.

आता याच्या अगदी उलट बाजूचा एक शब्द पाहू. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना, सोळाव्यात दैवी संपत्तीचे वर्णन करताना, सतराव्यात शरीराचे तप सांगताना आणि अठराव्यात ब्राह्मणाचे स्वाभाविक कर्म सांगताना, अशा चार ठिकाणी भगवंतांनी 'आर्जव' हा गुण घेतला आहे. ऋजु म्हणजे सरळ. ऋजूचा भाव तो आर्जव. मन, वाणी आणि कृती यांत वाकडेपणा नसणे असा त्याचा अर्थ. मराठीत मात्र या शब्दाचे काय झाले पाहा. आपण म्हणतो, 'त्याने पुष्कळ आर्जवे केली, पण साहेब बधले नाहीत.' म्हणजे सरळपणाचा शब्द मनधरणीचा झाला! सरळ माणसाला काही मिळवायचे तर हात जोडण्यावाचून दुसरा मार्ग उरला नाही, असे काहीसे आपल्या भाषेने अनुभवाने ठरवून टाकलेले दिसते. वळणे कपट ठरले आणि सरळपणा लाचारी ठरला. शब्दांची ही घसरण कोण्या पंडिताने घडविलेली नाही. ती आपल्याच व्यवहाराची नोंदवही आहे.

तेव्हा खरा प्रश्न असा उभा राहतो, की जो गुरू अर्जुनाला आर्जव शिकवितो तोच रणांगणावर युक्ती योजतो, याचा मेळ कसा घालावा? दहाव्या अध्यायात विभूती सांगताना जिंकू इच्छिणाऱ्यांची नीती ती मी, असे भगवंत म्हणतात. एवढेच नव्हे तर छळ करणाऱ्यांतील द्यूतही मीच, असेही म्हणून जातात. पुष्कळ भाविक वाचक हा श्लोक घाईघाईने ओलांडतात, आणि काही चतुर वाचक तेवढाच पाठ करून ठेवतात. दोन्ही रीती टाळण्यासारख्या आहेत. विभूतिवर्णन हे जगातील सामर्थ्य कोठून येते ते सांगते. कोणते सामर्थ्य कोणी कसे वापरावे, हे त्या अध्यायात विचारावयाचे नसते.

ते विचारावयाचे स्थान दुसऱ्या अध्यायात आहे. त्यातील पन्नासाव्या श्लोकात योगाला कर्मातील कौशल म्हटले आहे. हे वचन आज फार लोकप्रिय आहे. खरगपूरच्या आय.आय.टी.ने तेच आपले बोधवाक्य केले आहे, आणि कितीतरी कचेऱ्यांच्या भिंतींवर ते रंगविलेले आढळते. त्याचा रूढ अर्थ असा घेतला जातो, की काम सफाईने करणे म्हणजे योग. परंतु क्षणभर थांबून पाहावे. खिसेकापूही आपले काम अत्यंत सफाईने करतो. त्याच्या बोटांइतके कौशल तर फार थोड्या हातांत असते. तो योगी होय काय? हा अर्थ टिकत नाही, कारण तो त्या श्लोकाला आधीच्या दोन श्लोकांपासून तोडून घेतलेला आहे. अठ्ठेचाळिसाव्या श्लोकात सिद्धी आणि असिद्धी यांविषयीच्या समत्वाला योग म्हटले आहे, एकोणपन्नासाव्यात फळासाठी कर्म करणाऱ्यांना कृपण म्हटले आहे, आणि मग कौशलाचा उल्लेख येतो. आचार्यांनी म्हणूनच असा अर्थ लावला, की स्वभावतः बांधणारी कर्मे समत्वबुद्धीमुळे आपला बांधण्याचा स्वभाव टाकतात, हेच ते कौशल. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिताना योग या शब्दाचा युक्ती, उपाय हा अर्थ आवर्जून पुढे आणला, आणि महाभारतात शत्रूला जिंकण्याच्या युक्तीलाही योग म्हटले आहे हे दाखविले. पण त्यांनीही बुद्धीचे समत्व बाजूला सारले नाही. युक्ती कोणतीही असो, ती ज्या बुद्धीतून निघते ती सम आहे की नाही, यावर ती योग ठरते.

'कुशल' या शब्दाची जुनी व्युत्पत्ती येथे उपयोगी पडते. कुश म्हणजे दर्भ. दर्भ खुडून आणणारा तो कुशल. दर्भाची पात धारदार असते; अनभ्यस्त माणसाचे बोट ती कापते. हात न कापता जो दर्भ आणतो तो कुशल, आणि त्यावरून पुढे कोणत्याही कामातील निपुण. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त हे रूढ लक्षणेचे उदाहरण म्हणून दिले, आणि विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त त्यावर आक्षेप घेतला, की निपुण हाच त्या शब्दाचा मुख्य अर्थ आहे, लक्षणेचे येथे कारण नाही. पंडितांचा तो वाद त्यांच्यापाशी राहो. आपल्याला त्या चित्रातून एवढेच घ्यावयाचे, की धार असलेली वस्तू हाताळताना आपला हात कापू न देणे ही कौशलाची पहिली खूण आहे. आणि ज्या दर्भाला तो हात लावतो तो यज्ञासाठी असतो, हेही विसरून चालणार नाही.

आमच्या भिलाईत याचे उदाहरण शोधण्यास ग्रंथ उघडावा लागत नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हापासून मराठी, तेलुगू, बंगाली, मल्याळी आणि स्थानिक छत्तीसगढी अशा नाना घरांतील माणसांनी या कारखान्यात आयुष्य वेचले आहे. तेथे वितळलेल्या पोलादाने भरलेले लॅडल डोक्यावरील क्रेनने एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यावे लागते. क्रेन थांबली तरी टांगलेले ओझे थांबत नाही. ते झोका घेते. नवखा चालक घाबरून क्रेन उलट दिशेला ओढतो आणि झोका वाढतो. जाणता चालक ओझे जिकडे झुकले तिकडेच, नेमक्या क्षणी, क्रेन किंचित पुढे नेतो. दोरखंड सरळ होतो आणि ओझे शांत उभे राहते. खाली उभ्या असलेल्या माणसांना यातले काही कळतही नाही. इंग्रजीत कुशल हालचालीला जो 'मॅन्युव्हर' शब्द आहे, त्याचा मूळ लॅटिन अर्थ 'हाताने काम करणे' एवढाच आहे. डावपेचाचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. क्रेनवरील तो हात पाहिला की तो मूळ अर्थच अधिक खरा वाटतो. वळणे तेथे आहे, चुकविणे तेथे आहे, पण फसविणे नाही. कारण त्या हालचालीने चालकाला स्वतःसाठी काही मिळवायचे नसते, आणि खालच्या माणसांनी त्याच्यावर टाकलेला भरवसा तो पुरा करीत असतो.

भरवसा हा शब्द येथे सहज आला नाही. माझ्या समजुतीप्रमाणे या साऱ्या प्रश्नाची किल्ली तेथेच आहे. हालचाल सरळ की वाकडी यावरून ती धर्म्य की अधर्म्य हे ठरत नाही. ज्याच्याशी ती केली तो सावध शत्रू होता की विश्वास टाकलेला मनुष्य होता, यावरून ठरते. इतिहासातील दोनचार प्रसंग या दृष्टीने पाहावेत.

२ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत शिवछत्रपतींनी कारतलबखानाची फौज अरुंद रानात अडविली. खान युद्धासाठीच निघाला होता, आणि आपण शत्रूच्या मुलखात शिरत आहोत हे त्याला ठाऊक होते. त्याला रानाची माहिती नव्हती, ती महाराजांना होती, एवढेच. आणि खान शरण आला तेव्हा त्याचे द्रव्य व सामान ठेवून घेऊन महाराजांनी त्याला अभय देऊन जाऊ दिले. १७२८ साली बाजीरावांनी निजामाशी केले तेही याच जातीचे. निजाम पुण्यात येऊन बसला, तर बाजीराव त्याच्याशी पुण्यापुढे झुंजत बसले नाहीत. खानदेश, गुजरात असा मोठा वळसा घेऊन त्यांनी निजामाच्याच मुलखाला धाक घातला, तोफखाना मागे टाकून निजामाला धावत यावे लागले, आणि २५ फेब्रुवारीला पालखेडजवळ तो पाण्यापासून तोडला गेला. ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला. मोठी लढाई न होता युद्ध संपले. घोड्याचा कावा आणि सेनापतीचा कावा एकरूप व्हावे तसा हा प्रसंग आहे.

कोणी म्हणेल, गीतेने तर युद्धातून न पळणे हे क्षत्रियाचे कर्म सांगितले आहे. मग पाठ दाखवून शत्रूला ओढून नेणे हे कसे बसते? परंतु ज्याने हे सांगितले त्याचे एक नाव रणछोड आहे, आणि द्वारकेत व डाकोरात तो त्याच नावाने पूजिला जातो. काळयवनापुढून तो धावला तो भयाने नव्हे. पळणे हे पायांनी होत नाही, बुद्धीने होते.

इतके मानाने सांगितल्यावर त्याच घोडदळाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, आणि छत्तीसगडात राहणाऱ्या मराठी माणसाने ती विशेषेकरून सांगितली पाहिजे. कारण ती वाट आमच्या दारावरून गेली आहे. १७४१ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर याच मुलखातून पूर्वेकडे गेले. रतनपूरचा हैहयवंशी राजा रघुनाथसिंह वृद्ध होता. त्याने फारसा प्रतिकार केला नाही आणि रतनपूर पडले. तेथून ही फौज बंगाल्यात उतरली. नबाबाच्या जड सैन्याला हूल देणारी, आज येथे तर उद्या तेथे दिसणारी तीच चपळ स्वारी. पण तिचा मार आता कोणावर पडला? गावांवर, विणकरांवर, शेतकऱ्यांवर, बायकामुलांवर. खरगपूर ज्या मेदिनीपूरच्या मुलखात आहे, तोही या स्वाऱ्यांत भरडून निघाला. बंगाली आया अजून मुलांना निजविताना 'बर्गी' आल्याचे गाणे म्हणतात; बर्गी म्हणजे आपले बारगीर. १७५१ च्या तहाने नबाबाने बारा लक्ष रुपये चौथाई देण्याचे कबूल केले व ओरिसा भोसल्यांच्या पदरात पडला. विजय झाला असे आपल्या बखरी म्हणतील. पण ज्या शेतकऱ्याने कधी शस्त्र धरले नाही आणि ज्याला युद्धाची खबरही नाही, त्याच्या घरावर अचानक येण्याला कावा म्हणता येत नाही. कौशल तेच होते, घोडेही तेच होते. दर्भ मात्र यज्ञासाठी खुडलेला नव्हता.

आणि त्या कावेबाज सेनापतीचा शेवट कसा झाला? ३१ मार्च १७४४ रोजी अलिवर्दीखानाने त्यांना मानकरा येथे तहाच्या बोलण्यासाठी बोलाविले. भास्करपंत वीसहून अधिक सरदारांसह तंबूत गेले आणि तेथे मारेकऱ्यांकडून कापले गेले. छावणी सांभाळण्यासाठी मागे राहिलेले रघूजी गायकवाड तेवढे वाचले. बंगाल्यातील अत्याचारांचा सूड म्हणून कोणी याचे समर्थन करील. ते मला मान्य नाही. तंबूत बोलाविलेल्या माणसाला तंबूत मारणे हे, तो माणूस कोणीही असो, रणांतील कौशल नव्हे. येथे कोणी प्रतापगड पुढे करील, तर त्याने लक्षात घ्यावे की १६५९ च्या त्या भेटीला दोन्ही पक्ष एकमेकांचा अविश्वास मनात धरून, आपापली तयारी करून आले होते. सावधाला सावधाशी जे करता येते ते निःशंकाशी करता येत नाही.

महाभारताने हा भेद फार सूक्ष्मपणे दाखविला आहे. युद्धाच्या आरंभी धर्मराज शस्त्रे ठेवून, पायी चालत भीष्मद्रोणांकडे गेले, आणि तुम्हांला जिंकावे कसे, हे त्यांनी त्यांनाच विचारले. पुढे शिखंडीची युक्तीही भीष्मांनी स्वतः सांगितलेली आहे. म्हणजे तेथे वळसा होता, पण तो विचारून घेतलेला होता. द्रोणांनीही सांगून ठेवले होते, की ज्याच्या वचनावर भरवसा ठेवता येतो अशा मनुष्याकडून अत्यंत अप्रिय वार्ता ऐकली तर मी शस्त्र टाकीन. नेमकी तीच जागा वापरली गेली. भीमाने 'अश्वत्थामा मारला' म्हणून केलेल्या गर्जनेवर द्रोणांनी विश्वास ठेवला नाही. त्यांनी युधिष्ठिराला विचारले, कारण तो खोटे बोलणार नाही अशी शत्रूचीही खात्री होती. येथे जे शस्त्र म्हणून वापरले गेले ते धनुष्य नव्हे, गदा नव्हे. शत्रूच्या मनातला आपल्याविषयीचा विश्वास वापरला गेला. युद्ध जिंकले गेले, आणि कदाचित त्यावाचून जिंकले गेले नसते. तरीही व्यासांनी त्या क्षणी धर्मराजाचा जमिनीपासून चार बोटे वर चालणारा रथ खाली आणला, आणि स्वर्गारोहणपर्वात त्याच कारणाने त्याला नरकाचे दर्शन घडविले. कृष्णाच्या सल्ल्याने केले म्हणून त्याला सूट मिळाली नाही. जे लोक आपल्या दैनंदिन लबाडीला श्रीकृष्णाचा दाखला देतात, त्यांनी तो रथ विसरू नये.

गृहस्थाचे आयुष्य रणांगण नाही, ही गोष्ट आपल्या बोलण्यात पुष्कळदा विसरली जाते. भाजीबाजारात घासाघीस होते तेथे दोघेही डाव खेळत आहेत हे दोघांनाही ठाऊक असते; भाव सांगणाऱ्याला खोटारडा कोणी म्हणत नाही. आई गुळात कडू औषध लपविते, तेही सोडून देऊ. परंतु सोयरीक जुळविताना मुलाचे दुखणे लपविणे, म्हाताऱ्या बापाची कोऱ्या कागदावर सही घेणे, भागीदाराचे पत्र त्याच्यापासून दडवून ठेवणे, या गोष्टींना चातुर्य म्हणण्याची जी सवय लागली आहे ती घातक होय. घर हे असे एकच स्थान आहे जेथे माणूस चिलखत उतरवून झोपतो.

कोहक्यातील एका गृहस्थांची हकीकत सांगतो; नावगाव सांगण्याचे कारण नाही. हे धाकटे बंधू, नोकरीसाठी विदर्भातून येथे आले ते येथलेच झाले. थोरले बंधू गावी शेती पाहात. एकदा थोरल्यांनी कळविले, की पीककर्जासाठी तुझी सही लागते, तालुक्याला येऊन जा. धाकटे गेले, दादाने बोट ठेवले तेथे सही केली, वहिनीच्या हातचे जेवले आणि रात्रीच्या गाडीने परत आले. पुढे काही वर्षांनी मुलीच्या लग्नाच्या वेळी सातबारा काढला तेव्हा कळले, की तो कागद पीककर्जाचा नव्हता, हक्कसोडपत्र होते. थोरल्यांचे म्हणणे असे, की तू नोकरदार, तुला जमिनीचे काय. आणि सरळ मागितली असती तर तू दिली नसतीस, म्हणून थोडा गनिमी कावा करावा लागला. हा शब्द त्यांनी हसत वापरला.

या गृहस्थांनी मला विचारले ते जमिनीविषयी नव्हते. त्यांनी विचारले, की वकील म्हणतात तसे आपणही काही उलट डाव टाकावा काय? दादांना गोड बोलून बोलवावे, काही कागदावर त्यांची सही घ्यावी, एकदोन साक्षीदार उभे करावे जे त्या दिवशी तेथे नव्हतेच. ज्याने फसविले त्याला फसविण्यात दोष काय? गीता तर लढ म्हणते.

गीता लढ म्हणते, हे खरे. आणि मीही त्यांना लढू नका असे म्हटले नाही. आपला न्याय्य वाटा सोडून देणे म्हणजे वैराग्य, अशी एक सोपी समजूत धार्मिक घरांत असते. तिच्यात पुष्कळदा भीतीच अधिक असते. त्यांनी दावा लावावा. आपली बाजू कोणती, कागद कोणते, वकील काय मांडणार, हे दादांना सांगण्याचे बंधन त्यांच्यावर नाही. वाद एकदा उघडपणे सुरू झाला की आपले पत्ते झाकून ठेवणे हा पालखेडचा कावा आहे. पण गोड बोलून बोलविणे हे मानकऱ्याच्या तंबूत बोलविणे आहे, आणि खोटे साक्षीदार म्हणजे ज्याच्या शब्दाला लोक मानतात त्याने उच्चारलेला तो अर्धवट शब्द आहे. दादांनी विश्वास मोडला म्हणून यांच्या हातचा विश्वास शस्त्र होत नाही.

त्यांना हे पटले की नाही हे मला त्या दिवशी समजले नाही. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, दावा लावायचा तर दादांना आधी कळवावे लागेल, नाहीतर समन्स हाती पडल्यावर वहिनी घाबरतील, त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे. आठ दिवसांनी त्यांनी दादांना पत्र लिहिले: अमुक तारखेला दिवाणी न्यायालयात दावा दाखल करीत आहे, तत्पूर्वी आपणांस बोलावयाचे असेल तर मी गावी येईन, सोबत कोणतेही कागद आणणार नाही आणि कोणत्याही कागदावर सही करणार नाही, आपणांसही करावयास सांगणार नाही. खाली नेहमीप्रमाणे 'सौ. वहिनींस शिरसाष्टांग नमस्कार' असे लिहिले होते. पत्र रजिस्टरने पाठवावे की साध्या टपालाने, एवढेच त्यांनी मला विचारले. मी रजिस्टरने पाठवा म्हणालो.